मधली ओळ

अमेरिकेतल्या ईरी शहराच्या जिल्हा कोर्टात सगळ्यांचं एका बाबतीत एकमत आहे: खोटा साक्षीदार ओळखावा तर बर्नडीन रुत्कोव्स्कीने. एकतीस वर्षं ती तिथे लघुलेखनाच्या यंत्रावर बसते आहे. यंत्राला मोजक्याच कळा, त्या चार-पाच एकदम दाबायच्या की अख्खा शब्द उमटतो. वकील ओरडतात, साक्षीदार पुटपुटतात, न्यायाधीश खाकरतात, आणि हिची बोटं सगळं उतरवून घेतात. चेहरा मात्र पाटीसारखा कोरा. दुपारच्या सुट्टीत शिपाई हळूच विचारतो, "काय बर्नी, कोण खोटं बोलतंय?" आणि ती डबा उघडता उघडता सांगते, "तो निळ्या टायवाला." निकाल लागतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा निळ्या टायवालाच अडकलेला असतो.

तर अशा बाईला वयाच्या छपन्नाव्या वर्षी वकील व्हायचं होतं. होतं म्हणजे बाविसाव्या वर्षापासूनच होतं, पण ते सांगेनच. एका कायदा महाविद्यालयाचे संध्याकाळचे वर्ग निघाले होते, बरेचसे घरी बसून करता येण्याजोगे. त्यांनी तिचा अर्ज बघून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि खाली अट घातली: प्रवेश परीक्षेत दीडशे गुण हवेत, आणि तेही या वर्षाच्या आत, नाहीतर अर्ज बंद. बर्नडीनने परीक्षा दोनदा दिली. एकदा एकशे सत्तेचाळीस, एकदा एकशे अठ्ठेचाळीस. नोव्हेंबरची तिसरी खेप उरली होती. त्यात नाही जमलं तर पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे युक्तिवाद टंकण्यात जाणार, हे तिला दिसत होतं.

बाकी प्रश्नांत ती बरी होती. घोडं पेंड खायचं ते एकाच जातीच्या प्रश्नांपाशी. त्यात दोन गोष्टी सांगतात, दोन्ही एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि विचारतात की खालच्या पाचांपैकी कोणतं विधान धरलं तर ही विसंगती सुटते. ती शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात शिकवणीला जायची, तिथे हे प्रश्न शिकवायची ओडेसा फिंच नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी. ओडेसाने स्वतः कायद्याचं पहिलं वर्ष करून सोडून दिलं होतं, आणि सोडलेल्या गोष्टीबद्दल माणूस जसं प्रेमाने आणि चिडून बोलतो तसंच ती शिकवायची.

"तीन ओळी आखा," ती म्हणायची. "वरच्या ओळीत पहिली गोष्ट लिहा. खालच्या ओळीत दुसरी. मधली मोकळी ठेवा. वरची खरी. खालचीही खरी. त्यांच्याशी भांडायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. तुमचं काम फक्त मधल्या ओळीचं."

मग तिने उदाहरण दिलं. एका सरोवराकाठी गावाने पहिल्यांदाच जीवरक्षक नेमले. त्याच उन्हाळ्यात बुडालेल्यांची संख्या वाढली. कसं काय? वर्गातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी माना खाली घातल्या. बर्नडीनने पाच पर्याय वाचले आणि खाडकन तिसऱ्यावर खूण केली: गावच्या मृत्यूंच्या नोंदी बेभरवशाच्या होत्या.

ओडेसा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "बर्नडीनबाई, परत एकाला फाशी दिलीत ना?"

"मी कुणाला काय केलं?"

"नोंदी ठेवणाऱ्या त्या गरीब कारकुनाला. त्याला खोटारडा ठरवून मोकळ्या झालात. अहो, जीवरक्षक आले म्हणून धीर आला, आणि ज्यांना पोहता येत नव्हतं तेही लोक पाण्यात उतरले. तिप्पट माणसं उतरली, चारदोन जास्त बुडाली. जीवरक्षकही खरे, बुडालेलेही खरे."

"कोर्टात दोन माणसं उलटसुलट बोलली तर त्यातला एक खोटं बोलत असतो," बर्नडीन म्हणाली. "मी एकतीस वर्षं बघतेय."

"म्हणून तर एकशे अठ्ठेचाळीस," ओडेसा म्हणाली. पोरं हसली. बर्नडीनही हसली, पण घरी जाताना गाडीत तिला ते लागलं.

पुढच्या शनिवारसाठी ओडेसाने घरचा अभ्यास दिला. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या घरातली एक विसंगती आणायची, तीन ओळींत. अट एकच, कुणीही खोटारडा नको. कुणी लिहिलं, आमचं कुत्रं चोरावर भुंकत नाही पण पोस्टमनवर भुंकतं. कुणी आपल्या भावाच्या तीन लग्नांबद्दल लिहिलं. बर्नडीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि तिच्या मनात एकच गोष्ट आली, कारण गेली चौतीस वर्षं तीच तिच्या मनात बसून होती.

वरच्या ओळीत तिने लिहिलं: पपा सगळ्यांना सांगायचे, माझी मुलगी वकील होणार.

कॅसिमिर रुत्कोव्स्की हा रेल्वेइंजिनाच्या कारखान्यात छतावरची क्रेन चालवायचा. पूर्वभागातल्या पोलिश क्लबात तो शुक्रवारी बिअर घ्यायला जाई आणि ऐकणारा असो नसो, पोरीचं पुराण लावी. "माझ्या बर्नीला वकील होऊ दे, मग बघतो युनियनवाल्यांकडे. फुकटात केस लढेल, पण तुमची नाही, माझी." त्याने क्लबच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर चेरीच्या व्होडकाची एक बाटली ठेवायला लावली होती. तिच्यावर चिकटपट्टी लावून स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'बर्नी, वकील'. ती ज्या दिवशी वकील होईल त्या दिवशी फोडायची. लोक त्याची टिंगल करायचे आणि तो खूश व्हायचा. बर्नडीन तेव्हा लाजून मरायची, पण तेवढंच खरं नव्हतं. रात्री अंथरुणात तिला ती बाटली आठवायची आणि आपल्याला कुणीतरी इतकं मोठं मानतं म्हणून पोटात गरम वाटायचं.

खालच्या ओळीत तिने लिहिलं: परीक्षेच्या दिवशी पपांनी मला नेलं नाही.

ते साल एकोणीसशे नव्वद, फेब्रुवारीतला शनिवार. तिने अर्ज उशिरा भरला होता, म्हणून ईरीचं केंद्र भरलं आणि बफेलोचं मिळालं, नव्वद मैलांवरचं. घरात गाडी एक. बर्नडीनला तेव्हा चालवता येत नव्हती. पपांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "मी नेतो. तू फक्त पेन्सिली सांभाळ." आई लॉटी त्या आठवड्यात टोलेडोला तिच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेलेली. पहाटे साडेपाचला बर्नडीन चार टोकदार पेन्सिली आणि सँडविच घेऊन तयार होती. बाहेर गाडी गरम करत ठेवल्याचा आवाज येत होता. बर्फ रात्रीच थांबलं होतं.

मग आवाज जरा लांब गेला आणि बंद झाला. पपा आत आले, टोपी न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "नाही जायचं."

"म्हणजे?"

"नाही म्हटलं ना."

"पपा, साडेआठला दार बंद होतं. बर्फ थांबलंय. शेजारचेसुद्धा कामावर गेले."

पपा तिच्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत ते म्हणाले, "सगळ्यांनीच वकील व्हायला पाहिजे असं काही नाही, बर्नी. आपल्यासारख्यांनी."

तेवढंच. बसची वेळ गेली होती, टॅक्सीला तेवढे पैसे नव्हते, आणि त्या वाक्यानंतर कुणाच्या दारात जाऊन 'मला सोडता का' म्हणायला तोंडही उरलं नव्हतं. परीक्षा पुन्हा जूनमध्ये होती, दरवर्षी होती. पण बर्नडीनने त्या स्वप्नावर पाणी सोडलं. ज्या माणसासाठी मुख्यतः व्हायचं होतं, त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलं, असं तिने ठरवून टाकलं. बाटली, क्लब, ते पुराण, सगळी मित्रांपुढची फुशारकी. शरद ऋतूत तिने लघुलेखनाचा वर्ग लावला, तात्पुरता म्हणून. पुढे पाणीपुरवठ्यातल्या एका माणसाशी लग्न झालं, आठ वर्षांनी मोडलं. पपांशी ती बोलायची, नाताळात भेट द्यायची, त्यांच्या शेवटच्या आजारपणात सूपही भरवलं. पण मनातली अढी गेली नाही. ते दोन हजार अकरात गेले आणि अढी मागे ठेवून गेले.

आता मधली ओळ. ती मोकळी होती. बर्नडीनने पेन उचलून वरच्या ओळीवर काट मारली आणि कागदाच्या कडेला लिहिलं: ही खोटी होती.

शनिवारी ओडेसाने कागद वाचला. नेहमीसारखी टिंगल केली नाही. लाल पेनने एवढंच लिहिलं, 'नियम मोडला', आणि कागद उलटा करून तिच्या हातात दिला. वर्ग सुटल्यावर दारापाशी म्हणाली, "ती बाटली कुठेय?"

"असेल अजून क्लबात. कोण फोडणार?"

"फुशारकी मारणारा माणूस एक दिवस मारतो, दोन दिवस मारतो. चिकटपट्टी लावून ठेवत नाही." मग खांदे उडवून म्हणाली, "मला काय माहीत. माझे वडील तर मला ओळखतही नाहीत. पण काट तुमची चुकलीय."

बर्नडीनला राग आला. कालची पोर, हिला काय ठाऊक. पण कागद तिने फेकला नाही, पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी कोर्टात एक लहानशी सुनावणी होती. एल्मर क्विग्ली नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा वाहन परवाना काढून घेतला होता आणि तो परत मागत होता. अशा सुनावण्यांना कुणी येत नाही. बर्नडीनही अर्ध्या लक्षाने टंकत होती, मनात तिच्या जीवरक्षक आणि बुडालेले लोक फिरत होते. सरकारी वकिलाने विचारलं की तुम्हाला दिसत कधीपासून नाही.

"दिसतं की," क्विग्ली म्हणाला. "नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं दिसतं, कडेचं नाही. अंधारात तर काहीच नाही. पंधरा-वीस वर्षं झाली."

"मग पंधरा-वीस वर्षं गाडी कशी चालवलीत?"

"बायको होती ना. शेजारी बसायची. ती सांगायची."

"काय सांगायची?"

"लाल. हिरवा. डावीकडून ट्रक येतोय. आमचं मस्त चाललं होतं. ती गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात मी शेजाऱ्याची पत्रपेटी पाडली."

बर्नडीनच्या बोटांनी ते उतरवलं. एक शब्द गाळला नाही. मग तिने हात वर केला.

लघुलेखिकेला तो हक्क असतो. शब्द नीट ऐकू आला नाही तर साक्ष थांबवून पुन्हा म्हणायला सांगायचं. चांगली लघुलेखिका हा हक्क फार क्वचित वापरते, आणि बर्नडीनने एकतीस वर्षांत पाच-सहा वेळाही वापरला नसेल. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साक्षीदाराने शेवटचं उत्तर पुन्हा सांगावं," ती म्हणाली. तिच्या कागदावर ते उत्तर पूर्ण होतं.

क्विग्लीने पुन्हा सांगितलं. बायको, लाल, हिरवा, ट्रक, पत्रपेटी. बर्नडीन या खेपेला टंकत नव्हती, नुसती ऐकत होती.

तिच्या घरात ही एक थट्टेची गोष्ट होती. मा गाडीत पुढे बसून सतत बोलायची; पपांना ती कॅझ म्हणे. "लाल, कॅझ. हिरवा, कॅझ. म्हातारी रस्ता ओलांडतेय, कॅझ." बर्नी आणि मावसभावंडं मागच्या सीटवर तिची नक्कल करायची. घरात हुकूम कुणाचा चालतो ते बघून घ्या, म्हणायची. पपाही हसायचे, म्हणायचे, "काय करणार, कॅप्टन बसलाय शेजारी." आणि मा शेजारी नसताना पपा गाडी घेऊन कुठे गेले, असं आठवायला बसलं तर एकही वेळ आठवेना. कारखान्यात ते पायी जात. क्लबातही पायीच.

आणि दुसरी एक गोष्ट. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पपा प्रार्थनेला न जाता समोरच्या झिलिन्स्कीबाईंची पत्रपेटी नवीन खांबावर ठोकत होते. बर्फ काढणाऱ्या गाडीने पाडली, म्हणाले. रविवारी हातोडी हातात घेतलेला पपा तिने आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलत नव्हती, म्हणून तिने काही विचारलं नाही.

संध्याकाळी ती आईकडे गेली. लॉटी रुत्कोव्स्की त्र्याऐंशी वर्षांची, वृद्धांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि पत्त्यांत अजूनही लोकांना रडवते. बर्नडीन गेली तेव्हा ती चर्चमधून आणलेल्या पेरोग्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या, तव्यावर परतत होती.

"मा, तू गाडीत लाल-हिरवा का सांगायचीस?"

लॉटीने पेरोगी उलटली. मग दुसरी उलटली. मग गॅस बंद केला.

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. मी विचारतेय."

"त्याने मला शपथ घातली होती," लॉटी म्हणाली. "माझ्या आईची. चांगलीच अडकवून ठेवली."

मग ती खुर्चीवर बसली आणि सगळं सांगितलं, फार नव्हतंच. डोळ्यांचा तो रोग कॅसिमिरच्या आईकडून आला होता. ऐंशी सालापासून अंधारातलं दिसेनासं झालं, मग कडेचं. कारखान्यात कळलं असतं तर त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं असतं. "मला म्हणायचा, क्रेनवर उजेड भरपूर असतो, खाली सरळच बघायचं असतं. मी म्हणायचे, कॅझ, खाली माणसं असतात."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी टोलेडोत. तो म्हणाला होता, बर्नीला बसने पाठवतो, तू काळजी नको करू. आणि स्वतःच निघाला, शहाणा. वाटलं असेल, उजाडेपर्यंत हळूहळू नेईन. गाडी मागे घेतली आणि सोफी झिलिन्स्कीची पत्रपेटी आडवी. आपल्या फाटकापासून वीस पावलांवर." लॉटीने एप्रनने टेबल पुसलं, ते स्वच्छच होतं. "संध्याकाळी फोन केला. रडत होता. लग्नात रडला नाही, आई गेली तेव्हा रडला नाही. म्हणाला, लॉटी, मी पोरीला मारून बसलो असतो. दोन आठवड्यांनी आपण होऊन क्रेन सोडली. गुडघे दुखतात म्हणाला सगळ्यांना."

"मग मला सांगायचं होतं त्यांनी. त्याऐवजी म्हणाले, आपल्यासारख्यांनी वकील..."

"तू विचारत सुटली असतीस, का, का, का. तेव्हाही वकीलच होतीस तू. तुझं तोंड बंद होईल असं काहीतरी बोलला, आणि ते इतकं बंद होईल असं त्याला वाटलं नव्हतं. जूनची वाट बघत होता. म्हणायचा, जूनला लॉटी, तू असशील, आपण तिघं जाऊ. तू तो वर्ग लावून बसलीस."

बर्नडीनचा आवाज चढला. तिचा आवाज कधी चढत नाही. "ते गेल्यावर तरी सांगायचंस! तेरा वर्षं झाली, मा."

"शपथ माणूस मेल्यावर सुटते का? आणि तू कधी विचारलंस?" लॉटीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मी वाट बघायचे, ही कधीतरी विचारेल. विचारलं तर मी खोटं बोलणार नव्हते. पण तू तर निकाल देऊन मोकळी झाली होतीस. निकाल लागलेल्या केसमध्ये कोण साक्ष देतं?"

पेरोग्या गार झाल्या. दोघींनी त्या तशाच खाल्ल्या. बर्नडीनला रडू आलं ते खाता खाताच, आणि आईने तिला थांबवलं नाही. तिला पपा हवे होते. क्षमा मागायला वगैरे नंतर, आधी नुसते हवे होते, स्वयंपाकघरात, टोपी घालून, मिठाच्या बाटलीकडे बघणारे. म्हणजे ती म्हणाली असती, पपा, डोळे दाखवा बघू. बावीस वर्षांची असताना तिने त्यांच्या बोलण्याकडे इतकं लक्ष दिलं की ते आपल्याकडे का बघत नाहीत हे बघायचं राहून गेलं. ते बघत नव्हते कारण तिथे, त्या पहाटेच्या अंधुक स्वयंपाकघरात, ती त्यांना दिसतच नसावी. मिठाची बाटली दिव्याखाली होती.

घरी गेल्यावर तिने पर्समधला कागद काढला. वरच्या ओळीवरची काट खोडता येईना, शाईची होती. मग तिने नवा कागद घेतला, दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्या, आणि मधल्या ओळीत लिहिलं: मा टोलेडोत होती.

परीक्षेचं काय झालं ते आताच सांगून टाकावं, उगाच कुणाला टांगून ठेवण्यात अर्थ नाही. तिला एकशे त्रेपन्न मिळाले. विसंगतीचे किती प्रश्न आले आणि कोणते, ते बाहेर सांगणार नाही अशी सही परीक्षेला बसताना करावी लागते, आणि बर्नडीन सही मोडणाऱ्यांतली नव्हे. एवढंच म्हणाली की या खेपेला कुणाला फाशी दिली नाही. ओडेसाने तिला वर्गात सगळ्यांसमोर मिठी मारली आणि वर म्हणाली, "आता कोर्टात तुमचा काही उपयोग नाही." जानेवारीत वर्ग सुरू झाले. बाटली अजून क्लबात वरच्या फळीवर आहे, चिकटपट्टी पिवळी पडली आहे. ती फोडायला अजून चार वर्षं आहेत, आणि लॉटीने सगळ्यांना बजावून ठेवलं आहे की तोवर आपण मरणार नाही.

पण मला सांगायचं होतं ते परीक्षेच्या सकाळचं.

परीक्षा हल्ली घरी बसून देता येते. आधीच्या दोन्ही खेपांना तिने तशीच दिली होती. तिसऱ्या वेळी केंद्र निवडलं, आणि केंद्र निवडलं ते बफेलोचं. लॉटीला कळलं तशी ती म्हणाली, "मी येणार. पुढे बसणार."

"मा, तीन-चार तास बाहेर बसून काय करशील?"

"पत्ते नेते. कुणीतरी भेटेलच मूर्ख."

नोव्हेंबरातली सकाळ, उजाडायला वेळ होता, रस्त्याच्या कडेला रात्रीचं थोडं बर्फ. लॉटी पर्स मांडीवर घट्ट धरून पुढच्या सीटवर बसली. परेड स्ट्रीटच्या चौकात गाडी थांबली. बर्नडीनला स्वच्छ दिसत होतं, तिच्या डोळ्यांना पपांचं काही लागलेलं नाही, डॉक्टरने तपासून सांगितलं आहे.

"लाल," लॉटी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हिरवा, बर्नी."

"दिसतंय मला."

"दिसू दे."

त्यानंतर प्रत्येक चौकात ती सांगत गेली. महामार्गावर सिग्नल नव्हते तेव्हा ट्रक सांगितले. बर्नडीनने पुन्हा तिला अडवलं नाही. तिला वाटत होतं की हा रस्ता चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या जूनचा आहे, आपण तिघं निघालो आहोत, आणि फक्त गाडी चालवणारा बदलला आहे. तिला ते इतकं हवंसं वाटलं की नव्वद मैल कमी पडावेत.

बफेलोत केंद्राच्या आधीचा शेवटचा सिग्नल आला. लाल झाला तेव्हा लॉटी काही बोलली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती, जिथे रस्त्याकडेला कुठल्यातरी घराची पत्रपेटी होती. दिवा हिरवा झाला. बर्नडीनला तो हिरवा झालेला दिसला. तिने पाय ब्रेकवरच ठेवला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग त्याच्यामागच्या गाडीने. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मा," ती म्हणाली.

लॉटीने मान वळवली, समोर पाहिलं, आणि सवयीने, पर्सवरचा हात न हलवता म्हणाली, "हिरवा, कॅझ."

बर्नडीनने गाडी पुढे घेतली.